घंटाबाईच्या कार्डावरची थोरली

घंटाबाईला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ती त्या शाळेत शिपाई होती. सकाळी सहाला चौदा खोल्यांची चौदा कुलपं काढायची, व्हरांडा झाडायचा, पाण्याची टाकी भरायची आणि मग दिवसातून नऊ वेळा घंटा द्यायची. घंटा म्हणजे तरी काय, तारेला टांगलेला रुळाचा एक तुकडा आणि एक हातोडी. पण तिचा टोल कधी चुकायचा नाही. मागच्या गल्लीतले लोक त्यावर घड्याळं लावायचे. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं, बाकी सगळ्यांना ती घंटाबाईच. ती चिडली की मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, हळूच ऑफिसचं दार लोटून घ्यायच्या.

पण ह्या वेळी ती जी चिडली, ती उगाच नाही. ऐका आणि मग तुम्हीच सांगा.

घंटाबाईचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, तीन खोल्यांचं. नवरा लवकर गेला. राहिले ते अंथरुणाला खिळलेली सासू, मोठा दीर, त्याची बायको म्हणजे घंटाबाईची थोरली जाऊ, आणि घंटाबाईची लेक. जावा जावा उभा दावा म्हणतात. ह्या दोघींचं मात्र भलतंच होतं. घरात भांडण व्हायचं ते शेवटची पोळी तू खा की तुम्ही खा ह्यावरून. आणि बाहेरच्या कामाचा त्यांचा एक ठरलेला नियम होता. सासूपाशी एकीनं थांबायचं, आणि रांग असेल तिथे दुसरीनं दोघींचीही रांग लावायची. रॉकेलची असो, दवाखान्याची असो, थोरली दोन माणसांची जागा धरून उभी राहायची. पुढे नंबर जवळ आला की शेजारणीला सासूपाशी बसवून घंटाबाई धावत यायची.

सतरा वर्षांपूर्वी फोटोची ओळखपत्रं निघाली तेव्हाही असंच झालं. एका हॉलमध्ये कॅमेरा लावला होता, बाहेर ही भली मोठी रांग. शेजारणीला सासूपाशी बसवून थोरली सकाळपासून दोघींचे फॉर्म हातात घेऊन उभी. वर तिचा स्वतःचा, खाली घंटाबाईचा. मधली सुट्टी झाल्या झाल्या घंटाबाई पळत पोचली. नंबर लागला तशी थोरली तिला पुढे ढकलत म्हणाली, "तू बस आधी. तुला सुट्टी संपायची घंटा द्यायचीय. माझं काय, मी निवांत आहे."

घंटाबाई स्टुलावर बसली. कॅमेऱ्यावरच्या माणसानं वरचा फॉर्म उचलला, तिचा फोटो काढला आणि त्याच फॉर्मवर नंबर टाकला. मग थोरली बसली, तिचा फोटो खालच्या फॉर्मवर गेला. महिन्याभरानं कार्डं आली तेव्हा घंटाबाईच्या नावावर थोरलीचा फोटो आणि थोरलीच्या नावावर घंटाबाईचा. जन्मतारखा, बापाचं नाव, पत्ता सगळं बरोबर. फक्त तोंडं बदललेली! दोघी त्या दिवशी पोट धरधरून हसल्या. थोरली म्हणाली, "चला, आता तुझा राग माझ्या नावावर लागणार."

दुरुस्तीला गेल्या नव्हत्या असं नाही. कचेरीतला कारकून म्हणाला, दोघींनी एकाच वेळी समक्ष हजर व्हा, आणि येताना फोटो असलेला दुसरा पुरावा आणा. दुसरा फोटोचा पुरावा कुठून आणायचा? आणि खेटा काही एकच नव्हता. आज फॉर्म, परवा पडताळणी, मग सही. दरवेळी दोघींनी घर सोडलं तर सासूला कोण बघणार? राहिलं ते राहिलंच. काही अडतही नव्हतं. मतदानाच्या दिवशी यादीतलं नाव वाचायचे, बोटाला शाई लावायचे, झालं. फोटोकडे कोण बघतंय! जिथे बघायचे तिथे दोघींनी आपापली सोय लावली होती. दवाखान्यात फोटो बघूनच केसपेपर काढायचे, म्हणून घंटाबाई आपल्या तोंडाचं कार्ड घेऊन जायची आणि थोरलीच्या नावानं 'ओ' द्यायची. म्हणजे थोरली ठणठणीत, पण कागदोपत्री तिला साखरेचा आजार. ती गंमतीनं म्हणायची, "माझ्या नावानं गोळ्या खातेस, पथ्य तरी नीट पाळ. लोक मला हसतात."

आणि मग ठणठणीत असलेली थोरलीच गेली. कपडे वाळत घालता घालता बसली ती उठलीच नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं दीर मृत्यूची नोंद करायला निघाले. घंटाबाई सोबत गेली, कारण माणूस भ्रमिष्टासारखा झाला होता. खिडकीपलीकडच्या कारकुनानं विचारलं, "मयताचं ओळखपत्र?" दिरांनी खिशातून कार्ड काढून दिलं. नाव थोरलीचं, म्हणजे तोंड घंटाबाईचं. कारकुनानं नाव ताडून पाहिलं, टेबलावरचं पंच मशीन ओढलं आणि खाटकन कार्डाला भोक पाडलं. बरोबर घंटाबाईच्या नाकातोंडावर.

"अहो, तो चेहरा माझा आहे!" ती म्हणाली.

"बाई, हे मयताचं कार्ड आहे," तो मान वर न करता म्हणाला, आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

मान वर केली असती तर काचेपलीकडे तेच तोंड जिवंत उभं होतं. पण वर बघायचं काम त्याला नेमून दिलेलं नव्हतं. घंटाबाई त्यावर आणखी काही बोलली नाही. दुःखात होती. दिरांचा दंड धरून पायऱ्या उतरली. आजही म्हणते, आयुष्यात एकदाच गप्प बसले आणि तेवढंच महागात पडलं.

महिन्याभरात पहिला झटका बसला. दवाखान्यात गोळ्या घ्यायला गेली तर खिडकीतली बाई संगणकात बघून म्हणाली, "ह्या पेशंट वारल्यात."

"मग माझी साखर वाढलीय ती कुणाची? भुताची?"

"नवीन केसपेपर काढा. ओळखपत्र द्या."

हिच्या नावाचं ओळखपत्र दिलं, तर त्यावर थोरली. बाईनं फोटो बघितला, हिला बघितलं आणि कार्ड दोन बोटांत धरून परत सरकवलं, जणू त्याची लागण होईल. तेव्हापासून घंटाबाई गोळ्या बाहेरून घेते. लेक औषधांच्या दुकानात कामाला आहे म्हणून निभतंय.

हे सगळं एक वेळ तिनं गिळलं असतं. पण पुढे वॉर्डाची निवडणूक लागली.

ह्या निवडणुकीवर शाळेचा जीव टांगलेला होता. नगरसेवकाचं म्हणणं, शाळा बंद करून पोरं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची आणि ह्या जागेवर वाहनतळ बांधायचा. पावणेदोनशे पोरं, त्यातली निम्मी पायी येणारी, सहा पदरी रस्ता रोज दोनदा ओलांडणार! विरोधात उभी होती ती गल्लीतलीच एक नर्स. तिनं लिहून दिलं होतं की शाळेच्या विटेलाही हात लागणार नाही. घंटाबाईनं मत कुणाला द्यायचं ते पहिल्या दिवशीच ठरवलं आणि गल्लीभर सांगितलंही. गुप्त मतदान वगैरे तिला कधी जमलं नाही.

मग नव्या नियमाची पोस्टर्स आली. शाळेच्या भिंतीला चिकटवायचं काम कुणाचं? शिपायाचं. घंटाबाईनं स्वतःच्या हातानं खळ शिजवली, बादली घेऊन गेली आणि पोस्टर चिकटवलं. मग मागे सरकून वाचलं. फोटो जुळल्याशिवाय मतदान करता येणार नाही. यादीतलं नाव, शेजाऱ्यांची ओळख, काही काही चालणार नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या पोस्टरवर ब्रश आपटून ती तशीच मोठ्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, "मला अर्ध्या दिवसाची रजा द्या."

अर्ध्या दिवसाच्या पाच रजा झाल्या. पहिल्या दिवशी खिडकी जेवायला गेलेली. दुसऱ्या दिवशी कळलं, फोटो बदलायचा तर फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र हवं. म्हणजे ओळखपत्र मिळवायला ओळखपत्र लागतं. उंटावरचे शहाणे सगळे! तिसऱ्या दिवशी खिडकीत नवा माणूस होता. त्यानं कार्ड निरखलं आणि विचारलं, "हा फोटो कुणाचा?"

"माझ्या जावेचा."

"त्यांना घेऊन या."

"ती वारली."

त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही मयत व्यक्तीचा फोटो लावलेलं कार्ड वापरताय. बाई, हा गुन्हा आहे. पोलिसांत देऊ शकतो मी."

"मी लावलाय का तो?" घंटाबाईचा आवाज असा चढला की तीन खिडक्यांपलीकडची रांग वळून बघायला लागली. "तुमच्या माणसानं लावला! सतरा वर्षं तुमचा शिक्का आहे त्याच्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी देताय?"

शिपाई आला, तिला बाहेर काढायला. तोही शिपाई, हीही शिपाई. तो कानाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, शाळेकडून पत्र आणा, त्यावर फोटो लावून सही-शिक्का घ्या, मग घेतील." एवढी एक अक्कल त्या अख्ख्या इमारतीत त्या खाकी शर्टातल्या माणसाला होती. चौथ्या दिवशी पत्र दिलं तर शिक्का अर्धा कागदावर आणि अर्धा फोटोवर यायला हवा म्हणून परत पाठवलं. पाचव्या दिवशी अर्ज घेतला एकदाचा. पोच मिळाली. पंचेचाळीस दिवसांत नवं कार्ड घरपोच. मतदानाला उरले होते अठरा दिवस.

"पोच दाखवून मत देता येईल ना?" तिनं विचारलं.

"पोचवर फोटो असतो का?" खिडकीतला माणूस म्हणाला, आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

मतदान तिच्याच शाळेत, तिसरीच्या वर्गात. तिनंच आदल्या दिवशी बाकं हलवली, फरशी पुसली, आडोसा बांधायला दोरी शोधून दिली. सकाळी साडेपाचला कुलूप काढलं तेव्हा निवडणुकीचे साहेब गाडीतून उतरले. बाहेरगावचे, चष्मेवाले, बोलायला मऊ. "बाई, जरा जास्तीचा दिवा मिळेल? बाई, प्यायचं पाणी? बाई, ही खिडकी लागत नाहीये." घंटाबाईनं सगळं केलं. काम ते काम. गरोदर बाईला खुर्ची दिली, एका म्हाताऱ्याला हाताला धरून पायरी चढवली. वॉर्ड सोडून नऊ वर्षं झालेला एक किराणावाला गाडी घेऊन आला, कार्ड दाखवलं, फोटो जुळला, मत देऊन गेला. त्याला शाळेचं नावही नीट आठवत नव्हतं.

अकराच्या सुमाराला गर्दी ओसरली. घंटाबाईनं हात धुतले, पुसले, आणि रांगेत उभी राहिली. नंबर आला. कार्ड आणि पोच दोन्ही टेबलावर ठेवली.

साहेबांनी फोटो बघितला. मग तिच्याकडे. मग परत फोटो. "हा तुमचा नाही."

तिनं सगळं सांगितलं. रांग, घंटा, वरचा फॉर्म, खालचा फॉर्म. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. भिंतीलगत दोन्ही उमेदवारांची माणसं बसली होती, हातात याद्या. नर्सच्या बाजूची बाई लगेच म्हणाली, "साहेब, आम्ही ओळखतो हो ह्यांना. अख्खा वॉर्ड ओळखतो. सत्तावीस वर्षं घंटा देतात." साहेब जरा घुटमळले. त्यांनी नगरसेवकाच्या माणसाकडे पाहिलं.

हा माणूस ह्याच शाळेत शिकलेला. चौथीत असताना वर्गाच्या दाराच्या फटीत त्याचं बोट चेमटलं होतं. घंटाबाईनं बिजागरी खोलून ते सोडवलं आणि त्याला उचलून दवाखान्यात पळाली होती. तो यादीकडे बघत म्हणाला, "फोटो जुळत नाही, साहेब. माझी हरकत आहे."

साहेब चष्मा काढून पुसायला लागले.

"काय म्हणालास?" घंटाबाई म्हणाली. "वर बघून बोल. कोण आहे मी?"

"तसं नाही हो... नियम आहे."

"नियम मी चिकटवलाय बाहेर भिंतीला, मला नको शिकवू! मी कोण आहे ते सांग. त्या दिवशी रक्त गळत होतं तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून 'घंटाबाई, घंटाबाई' करत रडत होतास. तेव्हा मागितलं होतंस का रे माझं कार्ड? लाज कशी नाही वाटत?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण हरकत काही त्यानं मागे घेतली नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं ना, ही बाई मत कुणाला देणार ते.

साहेब उभे राहिले. "बाई, शांत व्हा. मला व्यक्तिशः तुमच्याबद्दल काहीही शंका नाही. पण माझे हात बांधलेले आहेत."

"सकाळपासून पाणी पिताय माझ्या हातचं, तेव्हा बरे सुटे होते!"

पोलीस दारात आला. घंटाबाईनं कार्ड उचललं. बाहेर पडली ती थेट नळाशी गेली. पाणी सोडलं आणि तशीच उभी राहिली. रडली नाही. दात इतके घट्ट आवळले होते की दाढ दुखायला लागली.

पाचला मतदान संपलं. तिनं खोली आवरायला मदत केली नाही, व्हरांड्यात बसून राहिली. पेट्या बांधून झाल्या, गाडी फाटकात लागली. तेव्हा साहेब एक कागद घेऊन बाहेर आले. शाळेचं सामान आणि खोली सुस्थितीत परत मिळाली, असं शाळेच्या कर्मचाऱ्यानं लिहून द्यायचं होतं. त्याशिवाय त्यांना केंद्र सोडता येत नव्हतं.

"इथे नाव लिहा आणि इथे सही करा, बाई."

घंटाबाईनं कागद घेतला, वाचला. "माझी ओळख पटली?"

"अहो, सकाळपासून तुम्हालाच तर बघतोय," साहेब म्हणाले. दमले होते बिचारे. बोलून गेले आणि मग बोललेलं त्यांच्या लक्षात आलं.

"मग अकरा वाजता कुणाला बघत होतात?" तिनं कागद त्यांच्या हातात परत दिला. "मी सही करणार नाही. तुमच्या हिशेबी मी मी नाहीच. परक्या बाईची सही कशी चालेल तुम्हाला?"

मोठ्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. त्यांना यायला सव्वा तास लागला. तोवर साहेब, त्यांची तीन माणसं आणि पोलीस तिसरीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मोठ्या बाईंनी सही केली, गाडी गेली. मग त्या म्हणाल्या, "घंटाबाई, त्या माणसाचा काय दोष? कशाला एवढं ताणलंत?"

"त्याचा दोष नाही, कारकुनाचा नाही, खिडकीतल्या बाईचा नाही. मग माझा का?" घंटाबाई म्हणाली. मोठ्या बाई पर्समधली किल्ली शोधायला लागल्या.

निकाल लागला. नगरसेवक चारशे मतांनी निवडून आला. परीक्षा होताच शाळा बंद करायचं पत्र आलं. घंटाबाईची बदली हमरस्त्यापलीकडच्या शाळेत झाली. तिथे विजेची घंटा आहे, आपोआप वाजते. तिला संडास धुवायचं काम मिळालं.

कार्ड आलं ते पंचेचाळीस दिवसांत नव्हे, चार महिन्यांनी. पोस्टमननं पाकीट हातात द्यायच्या आधी फोटोचं ओळखपत्र मागितलं. घंटाबाईनं त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि सायकलवर टांग मारली.

लेकीनं पाकीट फोडलं. नाव आईचं, तोंडही आईचं. "चला, सुटलीस एकदाची," ती म्हणाली. "आणि आता तो विषय सोड ना, आई. चारशे मतांचा फरक होता. तुझ्या एका मतानं काय झालं असतं?"

घंटाबाई भाजी निवडत होती. हात थांबला.

"काही झालं नसतं," ती म्हणाली. "माझं मत हरलं असतं. माझं आहे ना, हरू दे! हरलेली मतंसुद्धा मोजतात, बाळा. नर्सबाईंना किती पडली ते पेपरात आलं होतं. त्यात मी नाही. शाळा गेली आणि ती वाचवायला कोण कोण उभं होतं त्या आकड्यात मी नाही."

लेकीनं कार्ड परत पाकिटात घातलं. घंटाबाईनं निवडलेली भाजी धुवायला घेतली आणि नळ जोरात सोडला.